खरा, खोटा आणि आमचा

११ फेब्रुवारी २०२५

खोटा! या महिन्यातला तिसरा!

अंतराळातल्या वस्तू जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी फोटो टाकला — 'अंतराळयानाच्या उष्णता-कवचाचा अस्सल तुकडा, प्रमाणपत्रासह. संध्याताई, बघा जरा.' बघितला. चारी बाजूंनी सारखा काळा! अहो, यान परत येताना आगीकडे एकच तोंड करून येतं. कवच जळतं ते एका बाजूनं. वर कोळसा, खाली तपकिरी, तळाला मूळचा मधाचा रंग. चारी बाजूंनी भाजतात ते वांगं. तसंच लिहिलं. गृहस्थ रागावले, प्रमाणपत्र पुढे करायला लागले. प्रमाणपत्र काय, मुरबाडच्या बाजारात लग्नपत्रिका छापतात तिथंही मिळेल.

उतरलेल्या यानांची कवचं कापून विकतात आणि आमच्यासारखे वेडे ती जमवतात. वेड्यांनाही कुणीतरी खरं सांगणारं लागतं. ते काम माझ्याकडे.

१४ फेब्रुवारी

नाशिकच्या एका विज्ञान केंद्रातून प्रियांका नावाच्या मुलीचा फोन. माझा तुकडा त्यांना हवाय — कायमचा, काचेच्या कपाटात! खाली पाटी — 'संध्या यांच्या संग्रहातून'.

सव्वीस वर्षं मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. आम्लांची नावं, क्षारांची नावं. स्वतःचं नाव कशावर लागेल असं स्वप्नातही नव्हतं. शहापूरच्या एसटीत बसल्या बसल्या हसत होते. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. येसूबाई त्या, ऐकून घेतील तर शपथ! 'मंग पाटल्या मिळतील काय गो आता?' म्हणाल्या. अकरा वर्षांपूर्वी ह्यांनी विचारलं होतं, लग्नाच्या वाढदिवसाला पाटल्या करू की तो तुझा परदेशी तुकडा मागवू? मी तुकडा म्हटलं. अर्ध्या साबणाएवढा. 'सोनं सोडून कोलसा घेतला' हे आई अजून पाहुण्यांना सांगतात.

प्रियांकाला लेखी तपासणी हवीय. 'तुमच्याइतकं कोण जाणतं? तुम्हीच लिहा ना!'

१७ फेब्रुवारी

उद्या तुकडा कॉलेजात नेणार. गंमत म्हणजे दुनियेचे तपासले, आपला कधीच नाही. नवऱ्यानं हौसेनं दिलेली वस्तू काट्यावर ठेवायची नसते. पण नियम म्हणजे नियम.

१८ फेब्रुवारी

काट्यावर ठेवला. जड. परत ठेवला. तेवढाच जड! कवच हलकं असतं — राळेनं भरलेली बारीक जाळी असते ती. भिंगातून बघितलं तर जाळीचा पत्ता नाही. कोपऱ्यावर कानस मारली. आत लाल.

लाल! झामा आहे हो — वीटभट्टीत जास्त भाजून काळी-वाकडी झालेली वीट! रोज एसटीतून ढीग बघते मी त्याचे.

स्टुलावर बसून राहिले. माझी फजिती झाली त्याचं एवढं नाही वाटलं. पण पार्सल फोडताना ह्यांचा चेहरा कसा होता! त्या माणसाला कुणीतरी फसवलं, याचं फार वाईट वाटलं. आता सांगू कसं?

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. तीन भाकऱ्या करपल्या.

२१ फेब्रुवारी

आज हे कसाऱ्याहून ड्यूटी संपवून आले आणि जेवायला बसले, तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, त्या परदेशी माणसानं तुम्हाला वीट विकली.

ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, 'त्यानं नाय. मी.'

काय तर म्हणे, चार वर्षांपूर्वी मी ट्रेनिंगला पुण्याला होते, तेव्हा ह्यांनी काचेची डबी धुवायला काढली. तुकडा ठेवला न्हाणीच्या खिडकीत. आई आंघोळीला गेल्या. टाचा घासायचा दगड समजून उचलला! बाहेर आल्या त्या खुशीत — 'माझ्यासाठी आनलास काय रे नरेंद्र? लय ग्वाड दगड हाय!' आणि हा श्रावणबाळ म्हणाला, हो! तोवर जळकी बाजू अर्धी झिजली होती. मग भट्टीवरचा झामा आणून, ठोकून ठोकून तसाच केला आणि डबीत ठेवला.

'चार वर्षं?' मी ओरडले. 'तू कुठं बारीक बघतेस? माझ्यावर विश्वास ना तुझा,' म्हणाले. आधी दोन घास रुसले, मग इतकी हसले की ठसका लागला. माणूस फसला नव्हता, एवढ्यानंच जीव भांड्यात पडला.

२२ फेब्रुवारी

आई चार वर्षं टाचा घासतायत तो न्हाणीतला दगड तपासला. हलका. जाळी सरळ, एकसारखी. एका कोपऱ्याला काळ्याची रेघ अजून शिल्लक. खरा! शंभर टक्के खरा! उरलाय मात्र पाव साबणाएवढा. जळकी बाजू गेली म्हणजे बाजारात किंमतही गेली.

प्रियांकाला सगळं सांगून टाकलं, म्हटलं आता तुम्हाला कशाला हवा असेल. ती बराच वेळ हसत होती. 'ताई, हाच हवा! गोष्टीसकट! पेपरवाल्यांना पण बोलावते.'

पाटी लागणार!

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आईंचा दगड न्यायचा तर त्यांना सांगायला हवं. सांगितलं — आई, हा आभाळात जाऊन परत आलाय, आगीतून.

आई मटकन खाली बसल्या. 'आभालातून आला? आनि मी त्यानं पाय घासलं गो!' कान धरले, नाक घासलं. तुकडा धुऊन देव्हाऱ्यात ठेवला, वर हळद-कुंकू, बेलाचं पान. 'देव नाय आई, यंत्राचा भाग आहे,' मी म्हणतेय. 'आभालातून आला ना? मंग?'

३ मार्च

आठवडा होईल आता. रोज सकाळी आई देव्हाऱ्यापुढे कान धरतात — 'चुकी झाली रे बाबा.' जेवण अर्ध्यावर आलंय. टाचा घासणं बंद, त्यामुळे भेगा पडल्यात, भिंत धरून चालतात. दुसरा झामा आणून दिला. 'हा रगत काढतो,' म्हणाल्या आणि ठेवून दिला.

हे म्हणाले, 'तुकडा केंद्रात गेला, पेपरात फोटो आला, का आई मरेपर्यंत कान धरणार. माझं ती ऐकत नाय. खरं-खोटं तुझंच ऐकते.'

मला भयंकर राग आला. सव्वीस वर्षांनी नाव लागतंय ते आता सोडू? आणि ग्रुपवरच्या कुणाचं मन राखायला मी आजवर खऱ्याला खोटं म्हटलेलं नाही, एकदाही नाही. नाही म्हणजे नाही.

५ मार्च

कॉलेजातून काटा मागून आणला. आईंच्या समोर तुकडा तोलला, भिंगातून बघितला, मान हलवली. 'खोटा निघाला, आई. आपल्या भट्टीवरचाच आहे.'

'नक्की?'

'मी सांगतेय ना!'

'मंग दे इकडं!' आणि न्हाणीत गेल्या. पाण्याचा आवाज, मग घासल्याचा.

प्रियांकाला कळवलं — तुकडा अस्सल आहे. देता येणार नाही. वापरात आहे.