नाकाची साक्ष

४ नोव्हेंबर, सोमवार

टक्, टक्, टक्. गुरुजींची पट्टी टेबलावर ठेका धरायची आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणायचो. साठ वर्षं झाली, तो आवाज कानातून जात नाही. आज भिंगरी तीच कविता म्हणत होती आणि माझं बोट खुर्चीच्या हातावर आपोआप पट्टीसारखं चालू लागलं.

कविता हे निमित्त. भिंगरी माझी नात, सतरा वर्षांची. सप्टेंबरात क्लासच्या जिन्यात पिऊन पडलेली सापडली. तेव्हापासून रोज सहाला घरी आल्यावर तिनं माझ्यासमोर, हातभर अंतरावर बसून एक कविता म्हणायची — म्हणजे मला तोंडाचा वास घेता येतो. युक्ती चिरंजीवांची. 'बाबांच्या नाकाला फसवणारा अजून जन्मायचाय.' चहाच्या गोदामात चाळीस वर्षं नुसत्या वासावर माल निवडला, त्याचा हा मान!

'काही नाही, स्वच्छ,' मी सांगितलं. सूनबाईंचे खांदे जरा खाली आले.

६ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहावं. उन्हाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही. कसलाच. सकाळचा चहा म्हणजे गरम पाणी! सांगणार होतो. पण घरी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारतं कोण? आणि आता रोज सहा वाजता सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतं...

कानावर भागवतो. प्यालेली जीभ ठेक्यात चालत नाही, असा माझा समज.

९ नोव्हेंबर

भिंगरी फार गोड वागतेय. न सांगता माझा चष्मा पुसून ठेवला. का?

घरात शिरण्याआधी बाटलीतलं पाणी घटाघटा संपवते. खिडकीतून पाहिलं. पाणीच असेल?

१२ नोव्हेंबर

दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच, शेगडीकडे पाठ करून, शाळेतलं जुनं कवितांचं पुस्तक चाळत होतो. भिंगरी आतून धावत आली. गॅस बंद केला. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे — बराच वेळ. सूनबाई आल्यावर भिंगरी त्यांना म्हणाली, माझ्याच हातून करपलं गं.

माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. उगाच कोण घेतं?

१३ नोव्हेंबर

तिला कळलंय. म्हणजे आता तिला रान मोकळं!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नदीच्या कवितेत नावाड्याच्या ओळीवर अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. डोळे लाल. मी बोट थांबवलं आणि म्हणालो, 'वास येतोय.'

बोलून गेलो. चिरंजीव ओरडले नाहीत, तेच वाईट. सोमवारी बास्केटबॉलच्या संघाची निवड आहे, तिथे जायचं नाही, एवढंच म्हणाले. वर्षभर पहाटे उठून सराव करत होती पोरगी.

ती म्हणाली, 'बाबा, आजोबांना —' आणि गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं.

एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असती. नाही पाडलं. म्हणजे प्यालेलीच असणार — नाहीतर गप्प कोण बसतं?

१७ नोव्हेंबर, रविवार

सूनबाई भाजी निवडताना सहज बोलल्या. शुक्रवारी भिंगरीचं जिवलग मैत्रिणीशी वाजलं होतं, बसमधून रडतच आली, मैत्रिणीच्या आईचा फोन आला होता.

रडलेली जीभही ठेका चुकते. जन्मभर कविता म्हणणाऱ्याला एवढं कळू नये? वर्गात मी स्वतः एकदा चुकलो होतो, आई आजारी होती तेव्हा. गुरुजींनी पट्टी थांबवली आणि पाणी प्यायला पाठवलं. काही विचारलं नाही.

चिरंजीवांच्या खोलीत दोनदा गेलो. दोन्ही वेळा वर्तमानपत्र मागून परत आलो. उद्या सकाळी सांगतो. नक्की.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सांगितलं नाही. चिरंजीव घाईत होते.

दुपारी बाराला बेल वाजली. घरात मी एकटा. दारात भिंगरी — या वेळी ती कॉलेजात असते. एका हाताने चौकट धरलेली. शब्द मात्र अगदी ठेक्यात.

'आजोबा, शुक्रवारी मी प्यायले नव्हते. आज प्यायलेय, अडुसष्ट दिवसांनी. तुम्हाला वासावरून कळणार नाही, म्हणून सांगायला आले.'