उद्या पानावर काय वाढू?

प्रिय आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध आणि पानावर काय वाढायचं तेच मला कळत नाहीये. खीर, वडे, भाजी सगळं ठरलंय. पण गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ हवा ना! तिथेच घोडं अडलंय. म्हणून शेवटी तुम्हालाच विचारायला बसले. सुनेने सासूला नाही विचारायचं तर कोणाला?

घरात नुसता गोंधळ चाललाय. बाबा म्हणतात, "सुकट कर. आपल्यात चालते. तिला दुसरं काय लागत नव्हतं, मना माईत नाय का?" सुनंदाताई कळंबोलीहून फोनवर म्हणाल्या, "काहीतरीच काय वहिनी! आईला वालाचं बिरडं आवडायचं." आणि तुमचे चिरंजीव छातीठोकपणे सांगतात, "टाकळा! आईचा जीव होता टाकळ्यावर."

यातलं कोणीही खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाने तुमच्याच तोंडून ऐकलंय!

पावसाळ्यात बाजारात बायका टाकळ्याचे वाटे लावून बसल्या की तुम्ही पिशवी भरून आणायचात. कोणी नाक मुरडलं की म्हणायचात, "नका खाऊ. मना तं टाकलाच लय आवडतो." थंडीत वाल उतरले की वाल आवडीचे. मे महिन्यात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करताना, सुकट उन्हात घातली की सुकट आवडीची. ज्या दिवसांत जे जवळपास मिळेल आणि परवडेल, ते तुमच्या आवडीचं! तुम्ही बोटं चाटून खायचात, मग आम्हीही निमूट खायचो.

बाबांच्या एकट्याच्या पगारात एवढं खटलं जेवलं आणि कोणाला कधी काही कमी वाटलं नाही. पण आई, इतकं बेमालूम बोलायचं असतं का? एकदा तरी मला बाजूला घेऊन खरं सांगून जायचंत!

मासळी बाजारात तुम्ही दर वेळी पापलेटवालीपुढे थांबायचात. कल्ला उघडून बघायचात. "कसा वाटा गो?" असं विचारायचात, भाव ऐकला की "ऱ्हाऊ दे" म्हणून बोंबील घ्यायचात. मी एकदा म्हटलं होतं, "घ्यायचं नाही तर विचारता कशाला?"

"असंच, बाय. भाव माईत असावा."

ती आवड होती की नुसती चौकशी? मी तेव्हा खोदून विचारलं नाही आणि आता डोकं भणभणतंय. बरं, आवड असली तरी आत्ता करू काय? आषाढ आहे, बोटी बंद. बर्फातलं पापलेट आणलं तर तुम्ही वरून ओरडाल, "हंगाम नाय आनि पापलेट कसले आनतेस?"

आज संध्याकाळी मी टाकळा केला होता, फणसाच्या आठळ्या घालून. तुमच्या नातीने, मनूने, ताट पुढे ढकललं. "शी! परत हा पाला?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नको खाऊ. मला तर टाकळाच आवडतो."

मनू माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच, मम्मी?"

मला एकदम रडू कोसळलं, आई. जेवण तसंच टाकून ओट्यापाशी येऊन उभी राहिले. बिचारी पोर घाबरली, तिला वाटलं टाकळ्याला नावं ठेवली म्हणून मी रडतेय. मी तिला काय सांगणार होते? उद्या माझ्यामागे हीसुद्धा कोणाशी तरी भांडेल, मम्मीला टाकळा आवडायचा म्हणून!

तर मी असं ठरवलंय. उद्या पानावर सुकट, बिरडं, टाकळा तिन्ही वाढते, कोणाचं मन मोडायला नको. नारळी पुनवेनंतर बोटी गेल्या की पहिलं ताजं पापलेट तुमच्या नावाने आणीन, भाव न विचारता. चुकलं असेल तर स्वप्नात येऊन रागवा. आणि दर पावसाळ्यात पोरांना टाकळा खायला घालीनच, पण मनूला माझ्या आवडीबद्दल खरं सांगेन.

मला टाकळा मुळीच आवडत नाही, आई. कडवट लागतो. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा सांगतेय.

तुम्हाला तरी आवडायचा का हो?

तुमची सून,
वैशाली