फोटोतली खिडकी

अण्णा, मी आता जे काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. तुम्ही होता तेव्हा मी पुण्यात शिकत होते आणि गावात कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचा, "घरं सजवायचं शिकतीय." आता धाराशिवला माझं छोटं ऑफिस आहे. कुणी घराचं काम घेऊन आलं की मी आधी मूड बोर्ड बनवते. म्हणजे एक जाड पांढरा पुठ्ठा. त्यावर लॅमिनेटचे तुकडे, पडद्याच्या कापडाचे नमुने, रंगाच्या पट्ट्या आणि कुठल्या कुठल्या घरांचे फोटो चिकटवायचे. घर असंच होईल असं तो पुठ्ठा सांगत नाही. त्या घरात बसल्यावर साधारण कसं वाटेल, एवढंच सांगतो. हा फरक गिऱ्हाइकाला आधी समजावून द्यायचा असतो, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

तुमचा पुठ्ठा म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातली जमीन. तुम्ही खडूनं फरशीवर कपाटाचा पाया आखायचा, घरातल्या बाईला त्या रेघेपाशी उभं करायचा आणि म्हणायचा, "हात वर करा वहिनी, पोचतो का बघा." बोटं टेकतील तिथं भिंतीवर खूण. मी सोबत असले की मला अवघडायचं. आपला बाप अडाण्यासारखा लोकांच्या बायकांना हात वर करायला लावतो असं वाटायचं. दहावीच्या सुट्टीत मी ठरवलं की हे आपण कागदावर करून दाखवू. माकणीचे एक गुरुजी कपाट सांगायला आलेत, तुम्ही अंगणात रंधा मारताय, आणि मी वहीत काढलेलं कपाट त्यांच्यापुढं धरते. दोन्ही दारांवर मोर. गुरुजी म्हणतात, असंच पाहिजे. तुम्ही रंधा खाली ठेवता, वही बघता आणि म्हणता, "गुरुजी, हे मोर माझ्या हाताला येत न्हाईत. साधं दार पाहिजे तर करतो, न्हायतर लातूरला जावा." गुरुजी लातूरला गेले. मी रुसले. थोडेफार तरी जमले असते की, असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "कागदावर बाभळीला बी आंबे लागत्यात. खायला बसणाऱ्याच्या पानात काय वाढायचं?" त्या आठवड्यात तुळजापूरच्या बाजारातून तुम्ही बारा रंगांची पेटी आणलीत आणि माझ्या वहीवर ठेवलीत. मी ती चार दिवस उघडली नाही.

बेंबळीच्या एका मावशींचं काम मागच्या वर्षी आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, आईला बोर्ड दाखवा, ती म्हणेल तसं करा. मावशींच्या यजमानांनी जन्मभर मेंढरं राखली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि तेव्हापासून ते मधल्या खोलीत बाजेवर आहेत. त्या खोलीला खिडकी नाही. मावशींना दुसरं काही नको होतं. "ह्यांना पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं," एवढंच. गावातला गवंडी त्यांना आधीच सांगून गेला होता की बाज ओसरीवर आणा, आडोशाला अर्धी भिंत घालून देतो. मी बोर्ड घेऊन गेले. त्यावर मधल्या खोलीसाठी एक फोटो होता: पांढरी भिंत, पलंग, शेजारी मोठी खिडकी, खिडकीत झाड. मावशींनी चष्मा पुसला आणि खिडकीवर बोट ठेवलं. "त्या अंगाला दिराचं घर हाय, ताई. भिंतीला भिंत. आमाला तर सुचलंच न्हाय. पन तुमी शिकलेल्या, तुमी दावलीय म्हंजी कायतरी तोड असंल." मी म्हणाले, "बघू या मावशी, उजेडाचं काहीतरी करू." त्या आत वळून यजमानांना मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का, खिडकी व्हतीय तुमाला." गवंड्याला त्यांनी नको म्हणून सांगितलं.

मी केलं ते असं. त्या भिंतीवर लाकडी चौकट बसवली, तिच्यात दुधी काच आणि काचेमागं दिवे. फोटो सुरेख आले. ते पाहून मला आणखी दोन कामं मिळाली आणि त्यांच्या बोर्डांवर मी त्याच खोलीचा फोटो लावला. मग दिवाळीनंतर एकदा कपाटाच्या बिजागरीसाठी बेंबळीला गेले. मावशींनी चहा केला. मी विचारलं, काका कसे आहेत. त्या हसल्या. "हायेत. दिवसभर त्या काचंकडं बघत्यात आन म्हनत्यात, ढगाळलंय, मेंढरं आत घ्या. म्या म्हनते, अवो मेंढरं कुठली आता? बटन बंद केलं की म्हनत्यात, रात झाली, जेवाय वाढ." मला हसता आलं नाही. मी म्हणाले, "मावशी, ती खिडकी..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तुमचं काय चुकलं न्हाय, ताई. फोटूतली खिडकी फोटूतच असती. आमालाच कळलं न्हाय." आणि माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवला. आतून काकांचा जड आवाज आला, काय म्हणाले ते मला कळलं नाही. त्या "आले, आले" करत उठून गेल्या. मी बिजागरी बघितली, लाडू खाल्ला आणि निघाले. गाडीत बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की गैरसमज त्यांचा झाला, त्या स्वतःच तसं म्हणाल्या.

अण्णा, वर मी लिहिलं की खिडकीवर बोट मावशींनी ठेवलं. ते खरं नाही. त्या आधी गवंड्याचंच सांगत होत्या, ओसरीचं त्यांच्या मनात बसत चाललं होतं. काम हातचं जातंय असं वाटलं म्हणून बोर्ड मी पुढं सरकवला, खिडकीवर बोट मी ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा तरी." भिंतीपलीकडं घर आहे हे मला माप घेतानाच माहीत होतं. बाज अजूनही ओसरीवर आणता येईल, दोन दिवसांचं काम आहे. पण ते सांगायला गेले तर हेही सांगावं लागेल. हे पत्र बेंबळीला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.