पांढऱ्या पट्ट्या, ट्रान्सपोज सहा

४ जानेवारी
निवड झाली! धरमपेठेतल्या संगीत मंडळाच्या तरुण कलाकारांच्या कार्यक्रमात मी पियानो वाजवणार, सोबत उत्तरा व्हायोलिनवर. पत्रिकेत छापणार: अस्मिता, कॉन्सर्ट पियानिस्ट. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, आता हेही. पियानोला अजून हात लावलेला नाही, पण ते किरकोळ. पप्पांचा कीबोर्ड आहे.
संकल्प: रोज पहाटे रियाज.

५ जानेवारी
उठले नाही. थंडीत बोटं आखडतात. मोठे पियानिस्ट बोटं जपतात.

८ जानेवारी
आमचा तुकडा जवळजवळ सगळा काळ्या पट्ट्यांवर आहे. अवघड. पण पप्पांनी लहानपणीच शिकवलंय: बोटं पांढऱ्यांवरच ठेवायची आणि ट्रान्सपोजचं बटण दाबून सूर वर चढवायचा. गायक कितीही वर गाऊ दे, बोटं तीच. त्यांच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात सगळे असंच वाजवतात. मी ट्रान्सपोज सहावर ठेवते. निवडीची ऑडिओ क्लिपही तशीच पाठवली होती, कुणाला काही कळलं नाही. याला स्मार्ट वर्क म्हणतात.

१२ जानेवारी
उत्तराच्या घरी प्रॅक्टिस. कीबोर्ड नेला होता, मस्त जमलं. कव्हरवर 'प्रेमानंद अँड पार्टी' लिहिलंय, ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. तिच्या आईनं विचारलं, वडील काय करतात? म्युझिकमध्ये आहेत. कसलं म्युझिक? म्हटलं, फ्यूजन. पप्पांच्या पार्टीत ढोलकी आणि कीबोर्ड एकत्र वाजतात, म्हणजे खोटं नाही. तरी चहा अर्धाच ठेवून कीबोर्ड आवरला.

१९ जानेवारी
मंडळाच्या मॅडमचा फोन. हॉलमध्ये जुना पियानो आहे, पण स्वतःचा कीबोर्ड आणला तरी चालेल म्हणाल्या. मी बाणेदारपणे सांगितलं, कॉन्सर्ट पियानिस्ट कीबोर्डवर वाजवत नाही. इम्प्रेस झाल्या असाव्यात, दोनदा 'अस्सं?' म्हणाल्या. मग म्हणाल्या, एकदा येऊन पियानो बघून जा.
जाणार नाही. पहिल्या स्पर्शाचा ताजेपणा राहिला पाहिजे.

२४ जानेवारी
व्हिडिओत नीट पाहिलं. मोठ्या पियानोंवर बटणं दिसत नाहीत. आतून असणार. महागड्या वस्तूंचं सगळं आतून असतं.

१ फेब्रुवारी
पप्पा म्हणाले, मी स्कुटीवर कीबोर्ड घेऊन येतो न वं, असू दे जवळ. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, बोअर व्हाल, इंग्लिश टाइप आहे. ते म्हणाले, बोअर काहून होईन, माई पोरगी वाजवून राहिली न! आई आतून ओरडली, तिले लाज वाटते तुमची, एवढं समजत नाही का? मी म्हटलं, असं काही नाही. पप्पा ऑर्केस्ट्राचा चमकीचा कोट इस्त्री करत होते. अर्ध्यावरच खुंटीला टांगला.

२ फेब्रुवारी, घरी आल्यावर
पियानोला बटण नव्हतं.
वर नाही, बाजूला नाही, खाली नाही. खाली दोन पेडल होते, दोन्ही दाबून पाहिले. तोवर उत्तरानं सुरू केलं. मी पांढऱ्यांवर. जे ऐकू आलं ते लिहिवत नाही. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. उत्तरा थांबली, कुजबुजली, अगं, कुठल्या स्केलमध्ये आहेस तू? मी मोठ्यानं म्हटलं, पियानो खराब आहे.
मागच्या रांगेतून पप्पा उठले. साधा शर्ट, खांद्यावर कीबोर्ड, कव्हरवर पार्टीचं नाव, सगळ्या हॉलला वाचता येईल असं. स्टेजवर आले, मोबाइलचा टॉर्च लावून पियानोखाली वाकले. हळूच म्हणाले, थांब वं, याचं बटन भेटून नाही राहिलं. मागं जाऊनही शोधलं.
मॅडम धावत आल्या. हे कोण?
मी म्हटलं, मेकॅनिक आहेत.
पप्पांनी टॉर्च बंद केला. उठून मॅडमना हात जोडले. म्हणाले, हो मॅडम, मेकॅनिक आहो मी. मशीन जुनी आहे, दुरुस्तीले टाइम लागन. मग कीबोर्ड मांडला, ट्रान्सपोज सहावर केला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरले.
वाजवलं आम्ही. बरं झालं. आभार मानताना मॅडम म्हणाल्या, ऐनवेळी धावून आलेल्या मेकॅनिक काकांसाठीही टाळ्या. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

३ फेब्रुवारी
संकल्प: पप्पांशी बोलणे. जेवताना बोलणारच होते. भाजीत मीठ कमी होतं, त्यावर बोलले. पप्पा आईला सांगत होते, पोरीनं जबरदस्त वाजवलं, पियानोच बिघडेल होता.

६ फेब्रुवारी
आज नक्की बोलणार होते. पप्पा प्रोग्रामवरून थकून आले. थकलेल्या कलावंताला त्रास देऊ नये.

९ फेब्रुवारी, रविवार
उत्तराच्या आईनं त्या दिवशी मेकॅनिकचा नंबर घेतला होता. त्यांच्या पेटीची एक पट्टी अडकते. आज बोलावलंय. मलाही आजच तिथं जायचंय, पुढच्या कार्यक्रमाच्या प्रॅक्टिसला.
पप्पांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. म्हणाले, चाल, संगच जाऊ. मग दारात थांबले. रागानं नाही, गाण्याची पट्टी विचारतात तसं विचारलं: तिथं तुले काय म्हणू वं? अस्मिता म्हणू का मॅडम?
बाहेर स्कुटी चालू आहे. मी आत बसून हे लिहिते आहे.