चुकायला माणूस पाहिजे

प्रिय भाऊजींस,

वहिनीचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. (वयाच्या हिशेबाने आशीर्वाद लागतो, पण अकरा वर्षं आपण उंबरा ओलांडला नाहीत, म्हणून नमस्कारही जोडते. जो पटेल तो ठेवून घ्यावा.) आपली तब्येत बरी असावी, दुकान नीट चालत असावं, गुडघा फार छळत नसावा. देवाच्या दयेने इकडे श्वास चालू आहेत.

आपलं पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालेलं असं: सायकलची घंटी एक, ती बसवायचा पट्टा व दोन स्क्रू, लोकरीची टोपी एक, रबरी चादर एक. पत्र नाही. मी कागद झटकून पाहिला, टोपी उलटी केली, चादरीच्या घड्या मोडल्या. चिठ्ठीचा तुकडा नाही. घंटीवरची किंमत आपण नखाने खरवडलीत, पण उजेडात तिरकी धरली की वाचता येते, आणि टपालखर्च तर तिकिटांवर छापलेलाच असतो. दोन्ही मिळून जेवढे झाले तेवढ्यात आपण स्वतः बसने येऊन, चहा घेऊन, परत गेला असतात. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, बेरीज म्हणून लिहिते. घंटी पलंगाच्या डाव्या कठड्याला बसवली आहे. हाक मारता येत नाही त्या माणसाला घंटी पाठवावी हे भावालाच सुचतं. फक्त आवाज असा आहे की ती वाजली की मी स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात बाजूला सरकून वाट देते.

आता आपल्या दादांच्या प्रकृतीबद्दल. उजवा हात आणि उजवा पाय अजून पाहुण्यासारखे आहेत. आहेत, पण घरातलं काही करत नाहीत. कळतं सगळं. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत जेवढी परत येईल तेवढी आपली, पुढचं अवघड. म्हणून त्यांना बोलतं ठेवा. ठेवा म्हणजे काय, डबा आहे का फळीवर ठेवायला? झटका येऊन पाच महिने संपले आहेत. पहिले तीन महिने तर या घरात एक शब्द नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं मुलांकडून इंग्रजी क्रियापदांची रूपं घोटून घेतली, लग्नाच्या पत्रिका तपासून परत पाठवल्या, आणि कोणी गेल्याची तार आली तर आधी तिच्यातलं हॅज आणि हॅड पाहिलं आणि मग डोळे पुसले, तो माणूस भिंतीकडे बघत पडून. मी जेवायला काय करू विचारायचे, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, आणि स्वतःच त्याला नावं ठेवायचे.

मग एक दिवस असं झालं. व्यायाम करून घ्यायला एक बाई येते. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. मधे इंग्रजी, जी दोघींचीही नाही. मॅट्रिकला इंग्रजीत मला अडतीस गुण होते हे आपल्याला ठाऊकच आहे (आपल्या दादांनी लग्नानंतर घरात सर्वांना सांगितलं होतं). तर रात्री झोप लागली नाही हे सांगायला मी म्हणाले, ‘ही डिड नॉट स्लेप्ट.’ आणि पलंगावरून, भाऊजी, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण ठणठणीत आवाज आला: ‘स्लीप!’

बाईला वाटलं, रोग्याला झोप आली. तिने लगबगीने पडदा ओढला, दिवा मालवला, अंगावर पांघरूण घातलं आणि तोंडावर बोट ठेवून मला बाहेर काढलं. आत हे डाव्या हाताने गादीवर थापट्या मारताहेत, आणि बाहेर मी तिला समजावतेय की बाई गं, त्यांना झोपायचं नाही, त्यांनी मला सुधारलं! डिडनंतर मूळ रूप यायला हवं! पण एवढं सांगायला जे इंग्रजी लागतं ते असतं तर ही वेळच आली नसती. ती गेल्यावर मी देवापुढे बसले आणि खूप रडले. चौतीस वर्षांत ‘डिडनंतर मूळ रूप’ हे शब्द मला सुईसारखे टोचले होते, चारचौघांत, शेजारणीसमोर, एकदा तर माझ्या माहेरी. त्या दिवशी ती सुई पुन्हा टोचली आणि मी म्हटलं, देवा, टोचू दे.

तेव्हापासून मी चुकायला लागले. म्हणजे चुकतच होते. आता वेळापत्रकाने चुकायला लागले. औषध देताना ‘आय ब्रिंग्ड’ म्हणायचं, की ‘ब्रॉट’ येणार. दार लावताना ‘शटेड’, की ‘शट’ येणार, तेही मान हलवून. खर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर मी शब्द मांडत गेले: ब्रॉट, कॉट, टॉट, स्लीप, डझन्ट. एकदा ‘नॉनसेन्स’ आलं, ते दोनदा मांडलं.

पण माझ्या चुका किती पुरणार? मी काटकसरीने वापरायचे, जेवणानंतर एक, औषधाबरोबर एक. म्हणून बाहेरून मदत घ्यायचं ठरवलं. शाळेचे जुने मुख्याध्यापक भेटायला आले. तासभर निर्दोष इंग्रजी बोलले आणि हे घोरायला लागले. त्यापेक्षा दूधवाला बरा निघाला. त्याला इंग्रजीची हौस. दारातून म्हणाला, ‘आय कम यस्टरडे, यू नॉट ओपन,’ आणि आतून लागोपाठ दोन गोळे सुटले, ‘केम!’ आणि ‘डिड नॉट!’ मी दुधाचं पातेलं तसंच खाली ठेवून त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, चहा दिला. (साखरेसह. साखर मी स्वतःच्या चहातून काढली.) रोज दहा मिनिटं बसून बोलत जा म्हटलं. बसला बिचारा. हे त्याला फाडून खायचे आणि तो ‘सॉरी सर’ म्हणत आनंदाने खाऊन घ्यायचा. एका दिवशी अकरा शब्द झाले. मला वाटलं, आता गाडी रुळावर.

तिसऱ्या आठवड्यात तो दारात उभा राहून म्हणाला, ‘काकू, आय केम यस्टरडे, बट यू डिड नॉट ओपन द डोअर.’ मेला शिकला! म्हटलं, अरे, असं काय करतोस, पहिल्यासारखं बोल की. तर हात जोडून म्हणतो, ‘सरांची कृपा, काकू.’ आता या कृपेला काय करायचं? आत गेला, पाच मिनिटं अचूक बोलला, ह्यांनी मान डोलावली, आणि संपलं. चांगला विद्यार्थी म्हणजे घराचं नुकसान, हे मला या वयात कळलं.

मग राहिले मी. पण माझंही तेच झालं होतं, भाऊजी. रोज सुधारून घेता घेता मलाही येऊ लागलं होतं. तोंड उघडावं तर बरोबरच बाहेर पडायचं. अडतीस गुणांची बाई, साठीत हुशार झाले, ते नेमकं नको तेव्हा. म्हणून ह्यांचंच व्याकरणाचं पुस्तक खाली काढलं आणि भाजी निवडता निवडता त्यातून चुका तयार करू लागले. बरोबर रूप शोधायचं आणि ते मोडायचं. हे खोटं बोलणंच झालं हे मला कळतं. रोज दिवा लावताना कबूल करत होते, की आज तीन बोलले, उद्या चार बोलणार आहे, औषध समजून पोटात घाल.

पण देवाने घातलं ते ह्यांनी घातलं नाही. एका सकाळी भरवताना मी म्हणाले, ‘यू ईटेड वेल.’ आणि थांबले. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली आहे. परीक्षेत एका मुलाच्या बाहीतून कागद निघाला तेव्हा. चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला न येणारं पोर कोणतं आणि ढोंग करणारं कोणतं, हे कळणार नाही का? पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे हे त्यांनी दारातून कधीचं पाहिलं असेल. डाव्या हाताने वाटी दूर सारली. डोळे मिटले. कडेने पाणी आलं, ते मला पुसू दिलं नाही. मी म्हटलं, अहो, चुकलं माझं, तुमच्यासाठीच केलं. पण ज्याच्यावर दया केली त्यालाच ती दया आहे असं सांगितलं, म्हणजे माझं डोकं बघा. त्या दिवसाला आज नऊ दिवस झाले. वहीचं मागचं पान कोरं आहे. मी खरीखुरी चूक केली तरी आता त्यांना ढोंगच वाटतं. परवा विजेच्या माणसाशी मी मनापासून चुकले, दोनदा. ह्यांनी कूसही बदलली नाही.

म्हणून हे पत्र. भाऊजी, आपल्या घराण्यात मनापासून इंग्रजी चुकणारा माणूस एकच आहे, आणि ते मी आदराने लिहीत आहे. नववीत सख्ख्या भावाच्या हाताखाली आपण दोनदा बसलात. आणि दुकानाची ती पाटी, ‘वी रिपेअर्ड ऑल सायकल्स’. गिऱ्हाइकांसमोर उभं राहून ‘म्हणजे आता करत नाही का?’ असं विचारायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. आपणही हातातला पाना आपटून ‘दादा, या दुकानात पुन्हा तोंड उघडू नकोस’ म्हणालात. दोघांनी शब्द पाळले. पुढे आपण पाटी नवीन रंगवलीत, निळ्या अक्षरांत. रंग नवा, चूक तीच, मुद्दाम. मी बसमधून पाहिली आहे. आणि आपल्याला माहीत नाही ते सांगते: पेन्शन आणायच्या दिवशी हे बसने वळसा घालून आपल्या रस्त्याने यायचे. पलीकडच्या बाजूला उभे राहायचे. घरी येऊन चपला काढत ‘पाटी तशीच आहे’ एवढंच म्हणायचे, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

तर पंधरा दिवस येऊन राहावं. जेवणाखाण्याची आबाळ होणार नाही. काटकसर असते, उपास नसतो. पलंगाजवळ बसावं आणि दुकानाबद्दल, सायकलींबद्दल, गुडघ्याबद्दल, जे मनात येईल ते इंग्रजीत बोलावं. ते ओरडतील. ओरडू द्यावं. एक महिना उरला आहे.

कळावे, लोभ होता तेवढा तरी असावा.

आपली,
वहिनी

ता. क. येण्यापूर्वी अभ्यास करू नये. दूधवाल्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

ता. क. दुसरा. मी बोलावलं असं त्यांना सांगू नये. घंटी नीट बसली का बघायला आलो म्हणावं. त्या पट्ट्याचा एक स्क्रू मी सैल करून ठेवला आहे.

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं, पण पाकीट अजून उघडं आहे. ‘तोंड उघडू नकोस’ हा आपला शब्द शापासारखा लागला, असं मनात धरून आपण येत नाही आणि नुसत्या वस्तू पाठवता, असं मला वाटतं. चिठ्ठीशिवाय पार्सल असाच माणूस पाठवतो. तर ऐकावं. आपण एकदा म्हणालात, तेही रागाने. मी चौतीस वर्षं, दिवा लावला की हात जोडून, शांतपणे मागत होते की देवा, एक दिवस या माणसाला गप्प बसव. शब्द लागायचा असेल तर माझा नंबर आधी आहे. आपण रांगेत कुठेच नाही. देवाला मी आता उलटं मागते आहे, पण एकटीचा आवाज पुरेना.

उलट टपाली कळवावं. मात्र पत्र त्यांच्या नावे लिहावं, इंग्रजीत, चांगलं दोन पानं, आणि कोणाकडूनही तपासून घेऊ नये.