इकडे सर्व क्षेम

३ मार्च, सोमवार
साहेब आज पुन्हा डोक्यात गेले! कंट्रोल रूमच्या पडद्यावर निरोपांचा नुसता रतीब. फोनच्या प्रत्येक टॉवरवर आमचा एजंट बसवलेला आहे — माणूस नव्हे, छोटासा प्रोग्रॅम. दार बंद आहे का, बॅटरी कशी आहे, ते कळवत राहतो. दिवसभर आपलं "ठीक, ठीक, ठीक".
"मला फक्त बोंब ऐकू आली पाहिजे," साहेब म्हणाले. "बाकीचं तिथल्या तिथे गाळ. जमत नसेल तर सांग, दुसरं कुणी बघतो." न जमून सांगते कुणाला!

५ मार्च
जमलं! प्रत्येक एजंटला गाळणी बसवली. आत येणारं — फक्त कंट्रोल रूमचा हुकूम ऐकायचा, बाकी सगळ्यांना दार बंद. बाहेर जाणारं — सुरुवातीला "ठीक" असेल तर निरोप सोडायचाच नाही. अख्खा निरोप तपासायचा तर एजंट मंदावतो, म्हणून नुसती सुरुवात बघायची. शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणाला, "आणि शेपटीत काही असलं तर?" शेपटीत काय असणार! उगाच खुसपट.
घरी आले तर फोनवर बाबांचा निरोप. "इकडे सर्व क्षेम. जेवलो…" न उघडता एवढंच दिसतं, तेवढं पुरतं. जन्म पोस्टात गेला, आता एकटे बसून फोनवरही पत्रंच लिहितात. आई म्हणायची, "यांचं पत्र शेवटाकडून वाचावं. खरं काय ते ता.क.मध्ये!"

७ मार्च
पडदा शांत. साहेब खूश, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मीही लगे हाथ माझा फोन आवरला — वाजले तर साहेब वाजतील, बाकी सगळे मुके. किती दिवसांनी गाढ झोपले.

१० मार्च
बाबांचे रोज येतात. सर्व क्षेम. रविवारी निवांत बोलेन.

१३ मार्च
टेकडीवरचा टॉवर जळाला. बॅटरीच्या खोलीचा कोळसा. दुरुस्तीवाला आत होता, त्याचे दोन्ही हात भाजले. एजंटने आदल्या दिवसापासून सांगितलं होतं — "ठीक: दार, वीज. बॅटरी तापते आहे." पुन्हा पुन्हा तेच. माझ्या गाळणीने एकही निरोप बाहेर जाऊ दिला नाही.
"कुणी लिहिली ही गाळणी?" साहेबांना जसं माहीतच नाही! चष्मिस खाली बघत राहिला. मी हात वर केला. शरमेने मान वर होईना.
जिना उतरताना एकदम बाबा आठवले. फोन लावला. उचलत नाहीत. पुन्हा लावला. मग त्यांच्या शेजारच्या काकूंना. "अगं, कालपासून दिसले नाहीत खरे. थांब हं, दार वाजवते."
फोन कानाला लावून जिन्यातच बसले. दार वाजताना ऐकू येत होतं.

१६ मार्च
बाबा खुर्चीतच गेले होते म्हणे. फोन मांडीवर.
आज त्यांचे निरोप उघडले. सगळ्यात शेवटचा आधी.
"इकडे सर्व क्षेम. जेवलो. औषध घेतलं. दुपारी ऊन फार. ता.क. डावा हात आजही उचलला गेला नाही. हे तू उघडत नाहीस, निरोपाखालच्या खुणेवरून कळतं मला. म्हणून तर मोकळेपणी लिहितो."