नीटनेटका फोल्डर

४ सप्टेंबर, सोमवार

नाही चाललं! चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, दहा वेळा वाचून पाहिला, आणि त्या काळ्या खिडकीत उत्तर काय – ‘हा आदेश ओळखीचा नाही.’ ओळखीचा नाही म्हणे! घरात चौदा वर्षं आहेस, वीज आमची खातोस!

मशीन लेकीचं, तिच्या कॉलेजातलं. ती नोकरीला दुसऱ्या शहरात गेली आणि हे राहिलं माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी. मी जाते त्या संध्याकाळच्या संगणकाच्या वर्गात सरांनी सगळ्यांना पेन ड्राइव्हवर कंपायलर दिला. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा तो कंपायलर. फोल्डर घरी उतरवून घ्यायचा, बस. पण काय तो फोल्डर! एकात एक, त्यात आणखी एक, शेकडो फायली वाटेल तिथे पसरलेल्या. असल्या पसाऱ्यात मला काम सुचत नाही. शेवटी .h वाल्या फायली तेवढ्या वेचून एका नव्या फोल्डरात लावल्या, वर नाव घातलं, मगच बसले. बाकीचं सवडीने लावीन.

शनिवारी घरच्या मशीनवर चाललेला प्रोग्रॅम दाखवायचा. नाही दाखवला तर दुसऱ्या भागात जागा नाही. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “मावशी, तुम्हाला घाई नाही, पुढच्या वर्षीही बसता येईल.” पुढच्या वर्षी कशाला? मी ह्याच वर्षी बसणार.

५ सप्टेंबर, मंगळवार

सरांना फोन केला. “पाथ लावलात का?” पाथ म्हणजे कोणती वस्तू कुठे ठेवलीय त्याची यादी. मशीन ती यादी वाचतं आणि तिथे जाऊन शोधतं. एवढंच? अहो, एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? रेकॉर्ड रूममध्ये कुणी कागद मागितला की नोंदवही उघडायची, कपाट, खण, गठ्ठा – दोन मिनिटांत कागद साहेबांच्या टेबलावर.

पाथ लावला. मशीन बंद करून चालू केलं. त्याला उठायला अकरा मिनिटं लागतात, तेवढ्यात उशांचे अभ्रे बदलून झाले. आणि ओळखला की आदेश! मी टाळीच वाजवली. हे आतून म्हणाले, “झालं?” नाही झालं. आता नवीन रड. stdio.h नावाची फाइल सापडत नाही. कशी सापडत नाही? मी स्वतः लावून ठेवलीय!

हे म्हणतात, “लेकीला विचार की. ती त्यातलीच आहे, पाच मिनिटांत सांगेल.” ते मलाही कळतं. पण नाही विचारणार. रेकॉर्ड रूम बंद करून संगणक आणला, तेव्हा नव्या साहेबांनी मला सांगितलं होतं, “बाई, हे तुमच्या आवाक्यातलं नाही. तुम्ही गठ्ठे झटकून खाली पाठवा.” मी झटकले. मुकाट्याने झटकले, त्याचा राग अजून जात नाही. आवाक्यात आहे की नाही ते माझं मला बघायचंय. कुणाच्या कडेवर बसून नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

सगळं पुसलं. पेन ड्राइव्हवरून पुन्हा उतरवलं, पुन्हा नीट लावलं. पुन्हा तेच. फाइल सापडत नाही.

अकरा वाजता लेकीचा फोन. भर कामाच्या वेळी! तिचा साहेब बरा दिसतोय. आज आवाज जरा बसलेला वाटला, सर्दी म्हणाली. अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो. मशीनचं मी अवाक्षर काढलं नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

तिसऱ्यांदा उतरवलं. तेच. दूध उतू गेलं. यांच्यावर उगाच खेकसले.

८ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं!! आधी ते लिहिते, मग जेवायला बसेन.

सकाळी ठरवलं, आता मशीनवर चिडायचं नाही. ऑफिसात कागद हरवला की आम्ही काय करायचो? पडताळणी. एकीने यादी वाचायची, दुसरीने गठ्ठ्यावर बोट ठेवायचं. एका बाजूला पेन ड्राइव्हवरचा फोल्डर उघडला, दुसऱ्या बाजूला माझा. वाचायला यांना बसवलं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस, पण आज काम चोख केलं. हे वाचत गेले, मी टिक करत गेले. आणि include नावाच्या फोल्डरपाशी हे म्हणाले, “इथे ही भलीमोठी यादी आहे.” माझ्याकडे तो फोल्डर रिकामा. साफ रिकामा!

कुणी केला? मी! त्याच .h वाल्या फायली. कंपायलर बिचारा नेहमीच्या कपाटात हात घालतोय आणि मी त्याचा माल हलवून छान नाव घालून भलत्याच खणात ठेवलाय. तीनदा उतरवलं आणि तीनदा लावलं, हाताला सवयच ती. गठ्ठा हलवलात तर जागेवर चिठ्ठी ठेवा – हे मी किती जणांना दरडावून सांगितलंय! एका शिपायाला तर एवढ्यावरून रडवलं होतं. आणि स्वतः चिठ्ठी न ठेवता सगळं कपाट हलवून मोकळी!

यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मीही हसले.

चौथ्यांदा उतरवलं. पसारा तसाच राहू दिला, बोट लावलं नाही. जिवावर आलं, पण नाही लावलं. आदेश दिला. खिडकी जरा वेळ गप्प. मग इंग्रजी अक्षरांत, मी लिहिला होता तोच शब्द: हजर.

मी केलं. सांगायला कुणी नव्हतं, मी शोधलं आणि मी केलं. ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू!

९ सप्टेंबर, शनिवार

पेन ड्राइव्हवर नेऊन दाखवला. सरांनी विचारलं, अडचण काय आली होती? सगळ्यांसमोर उभी राहून पहिल्यापासून सांगितलं, चिठ्ठीसकट. वर्ग खो-खो हसला, पण माझी मान ताठ! सर म्हणाले, “मावशी, चूक इतक्या ऐटीत सांगणारं माणूस पहिल्यांदा बघितलं.” मग दोघी-तिघी हळूच म्हणाल्या, आमचंही चाललं नाही, विचारायची लाज वाटत होती. त्यांना घेऊन बसले. एकीने लॅपटॉप आणला होता, तिचं तर तिथेच चाललं.

दुसऱ्या भागात माझं नाव लागलं. पहिला वर्ग सोमवारी. त्या दिवशी जो येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला. नवी वही आणली, कव्हर घातलं.

आता लेकीला सांगायला हरकत नाही. उद्या फोन.

१० सप्टेंबर, रविवार

सांगितलं तिला, सगळं. तीनदा कपाट हलवलं त्यासकट. हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, “आई, माझी नोकरी जाऊन तीन महिने झाले. चूक माझी होती. तुला कसं सांगू कळत नव्हतं.”

उद्या पहिल्या गाडीने तिच्याकडे निघतेय. वर्ग बुडेल. बुडू दे. माझ्या पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी चूक सांगितली ती सगळं चालल्यावर. साठीची झाले मी, पण अडलेलं असताना सांगणं मला जमलं नसतं.